पालथे दगड

वहिवाटदारानं चुलीच्या दगडांना हात लावायचा नाही, असा आमच्या धर्मशाळेत दंडक होता. खोल्या झाडायच्या, सारवायच्या, कौलं परतायची, हौदातला गाळ काढायचा, उतरलेल्यांची भांडणं सोडवायची, हे सगळं त्याचं काम. पण प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यातले ते तीन काळे दगड वाटसरूंचे. केरसुणीसुद्धा त्यांना वळसा घालून न्यायची. माझे वडील तसंच करत आले, त्यांच्याआधी त्यांचे वडील. मी मात्र त्या दगडांना हात लावला, आणि एकदाच नाही. हे मी आजपर्यंत बायकोलाही सांगितलेलं नाही. ती समोर बसून भाजी निवडत असते, मी पेपर वाचत असतो. तिला वाटतं, मी स्वभावानंच अबोल आहे.

धर्मशाळा पूर्वेकडच्या पेठांत होती. सोलापूरकडून येणारा जुना रस्ता जिथं गावात शिरायचा, तिथं एका व्यापाऱ्यानं तरुणपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या नावानं ती बांधून दिली होती. भरलेली बैलगाडी आत जाईल एवढा दरवाजा, आत फरसबंद चौक, चौकात हौद, तिन्ही बाजूंना ओवऱ्या आणि ओवऱ्यांच्या पोटात खोल्या. दरवाजाच्या डोक्यावर माडी होती, तिथं आम्ही राहायचो. माडीला दोन खिडक्या, एक रस्त्याकडे, एक चौकाकडे. आत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक माणूस आमच्या पायांखालून जायचा.

स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला रोज संध्याकाळी चौकात गाड्या सुटायच्या, शेणानं फरशी दिसायची नाही, असं वडील सांगत. वाटसरू त्यांना दादा म्हणत, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. माझ्या लहानपणी गाड्या जाऊन ट्रक आले होते. ट्रक दारात मावत नसे. माणसं तेवढी उतरून आत यायची. पुढं पेठेतला घाऊक बाजार उठून गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला आणि आमचं दार आडबाजूला पडलं. तरी सवयीचे लोक येत राहिले. माणदेशातले मिरचीवाले, चिंच घेऊन येणारे, घोंगड्या विकणारे धनगर, मिरजेकडचा एक म्हातारा मुसलमान अत्तरवाला, कुणी मोठ्या दवाखान्यात दाखवायला आलेले. लॉज त्यांना परवडत नव्हता असं नाही. "लॉजात चूल कुठं पेटवू, पलंगाखाली?" अत्तरवाला विचारायचा.

चुलीचा कायदा या लोकांनीच केलेला. निघताना राख काढायची, दगड जागच्या जागी ठेवायचे आणि त्यांच्यात एक लाकूड ठेवून जायचं, मागून येणाऱ्यासाठी. भिजून आलेल्या माणसाला पहिला जाळ तरी तयार मिळावा. पण एखादा वाटसरू त्या खोलीतच वारला, तर त्याला नेण्याआधी सोबतचे लोक दगड पालथे घालत. काजळी धरलेलं अंग जमिनीकडे, कोरं अंग वर. दगड पालथे म्हणजे खोलीला सुतक. दारातून वाकून बघितलं की माणूस तसाच मागं फिरे. तिथं निजायचं नाही, तिथून कुठल्या शुभ कामाला किंवा जोखमीच्या कामाला निघायचं नाही. हे सुतक वहिवाटदारानं फेडायचं नसे. कधीतरी एखादा वाटसरूच "असू द्या, मी लावतो" म्हणून दगड सुलटे करी, त्यावर काहीतरी शिजवी आणि पहिला घास वहिवाटदाराला देई. वहिवाटदारानं तो खायचा. मग खोली सुटायची.

मी शाळेत असताना चिंचवाल्यांपैकी एकजण ताप भरून गेला. चौकाकडच्या खिडकीतून मी बघत होतो. तिरडी आमच्या पायांखालून बाहेर गेली, तेव्हा दादांनी खाली जाऊन उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. दारातून तिरडी गेली की ते तसं करत. दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीत डोकावलो. कोपऱ्यातल्या अंधारात दगडांची कोरी अंगं अशी दिसत होती, जणू कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन बसलंय. मी पळालो. ती खोली बरेच दिवस तशीच राहिली. शेवटी अत्तरवाल्यानं ती सोडवली. भात करून त्यानं घास पुढं केला. दादा सोवळ्याओवळ्यातले नव्हते, तरी त्या काळात शेजारपाजाऱ्यांचे डोळे असत. त्यांनी चौकात, सगळ्यांसमोर तो घास खाल्ला.

हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. न कळून केलं असं म्हणायची सोय नाही.

कॉलेज झाल्यावर मला मार्केट यार्डात एका आडत दुकानात कारकुनी मिळाली. घरात लग्नाचं बघायला लागले. मुलगी पसंत पडली, तिलाही मी पसंत पडलो, पण तिचे काका आमची माडी बघायला आले आणि खिडकीतून खाली बघत म्हणाले, "मुलगा चांगला आहे. राहतो कुठं विचारलं तर धर्मशाळेत, एवढंच लोकांना सांगताना जरा चाचरायला होतं. एक मात्र बरं, लग्नाचं वऱ्हाड उतरवायची सोय झाली." सगळे हसले. मीही हसलो. रात्रभर ते हसू माझ्या तोंडावर वाळलेल्या पिठासारखं ताणत होतं.

त्याच सुमाराला धर्मशाळेचे विश्वस्त आले. बांधणाऱ्याचे ते वंशज; सदाशिव पेठेत राहायचे, स्वच्छ कपडे, मोजकं बोलणं.

"गैरसमज करून घेऊ नका," ते दादांना म्हणाले. "उतरलेल्या माणसाला बाहेर काढणं आमच्या रक्तात नाही, आणि दानपत्रातही नाही. पण वाटसरूच येईनासा झाला, तर धर्मशाळा कुणासाठी चालवायची, हे आपणच सांगा."

"येतात की," दादा म्हणाले.

"येतात. तीच तर अडचण आहे."

जागा रिकामी झाली तर तिथं इमारत होणार होती आणि आम्हाला बिबवेवाडीत नव्या बांधकामात एक फ्लॅट मिळणार होता. दादांनी त्यांना चहा पाजला, दारापर्यंत पोचवलं आणि वर येऊन म्हणाले, "माणूस सभ्य आहे. यम रेड्यावरच बसून येतो असं कुठं आहे." पुढं थोड्याच दिवसांत दादांची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोलणं कळायचं. त्यांचा पलंग आम्ही चौकाकडच्या खिडकीशी लावला आणि खालचं सगळं माझ्याकडे आलं.

पहिली खोली मी एका दुपारी फिरवली. उतरलेले लोक बाजारात गेले होते, दादांना डोळा लागला होता, आई शेजारी गेली होती. दगड वाटले त्याहून जड निघाले. पालथे घातल्यावर त्यांच्याखालची जमीन गरम लागली. सकाळचा जाळ असणार, दुसरं काय, पण मी हात झटकन मागं घेतला. मधलं लाकूड उचलून ओवरीत टाकलं. हौदावर हात धुतले, तेव्हा काजळीची एक बारीक काळी रेघ पाण्यात उतरत गेली आणि तळाशी जाईपर्यंत दिसत राहिली.

संध्याकाळी घोंगडीवाले उतरायला आले. एकानं आत डोकावलं. बाहेर येऊन त्यानं मला विचारलं, "कोण गेलं?"

"फलटणकडचे होते एक," मी म्हणालो.

त्यांनी आपली गाठोडी दुसऱ्या खोलीत नेली. कुणी जास्त काही विचारलं नाही. मरणाबद्दल खोटं कोण बोलेल, एवढाच त्यांचा हिशेब.

मग ते सोपं होत गेलं. काही दिवस जाऊ द्यायचे, दुपार बघायची, एक खोली. एका खोलीत मरण होतंच, शेजारच्या खोलीत दुसरं मी नुसतं ठेवून द्यायचो. ट्रकमधून बातमी आपोआप गावोगाव गेली. पुण्याच्या धर्मशाळेत माणूस टिकत नाही, असं लोक बोलायला लागले. चिंचवाले आले नाहीत. अत्तरवाला आला, ओवरीत उभा राहिला, खोल्यांकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिला आणि पाणी पिऊन गेला. परत आला नाही. चौकात दाणे टिपायला येणाऱ्या चिमण्याही दिसेनाशा झाल्या. सांडायला दाणेच नव्हते, हे मला कळत होतं, तरी त्यांचं न येणं मला आवडलं नाही.

दादा रोज दिवेलागणीला विचारायचे, "कोण उतरलंय?"

"कुणी नाही."

"का?"

"लॉज झालेत, दादा. दिवसच तसे आहेत."

ते खिडकीतून खाली बघत राहायचे.

एक खोली मी ठेवली होती, हौदामागची कोपऱ्यातली. माणदेशातले एक मिरचीवाले दर वर्षी तिथंच उतरायचे. ते पहिल्यांदा आले होते बापाच्या बैलगाडीतून, मिरचीच्या पोत्यांवर झोपून. मला ते 'धाकलं दादा' म्हणायचे. लहानपणी त्यांनी मला त्या चुलीवर भाजलेली कणसं खाऊ घातली होती. ती खोली मी टाळत होतो. पण विश्वस्त पाहणीला यायचे होते आणि एखादी चालती खोली दिसली असती, तर सगळं परत लांबलं असतं. लग्नाची बोलणी अडली होती. एका दुपारी मी तीही फिरवली.

त्याच संध्याकाळी ते आले.

ऊन उतरलं होतं. मिरचीवाले पुढं, मागं त्यांची बायको कमरेवर गाठोडं घेऊन. या वेळी पोती नव्हती. ते इतके वाळले होते, की शर्ट खांद्यावर अडकवल्यासारखा दिसत होता.

"काय धाकलं दादा, चौक लई मोठा झाल्यावानी दिसतोय," ते म्हणाले. "का मीच बारीक झालोय?"

"दोनीबी," बाई म्हणाल्या.

ओवरीच्या कडेला टेकून त्यांनी सांगितलं. पोटात गाठ निघाली होती. मोठ्या दवाखान्यात खाट मिळाली होती, परवा भरती व्हायचं, मग ऑपरेशन. "डाक्टर म्हनला, येळेवर आलाय. आत्ता काढली तर सुटाल, म्हनला. आनि लांबवलं तर मला तोंड दाखवू नका." ते हसले. "म्या म्हनलं, लांबवतोय कशाला. दोन राती आमच्या पुण्याच्या घरात काढतो, हिच्या हातचं खातो आनि येतो सरळ."

बाई खोलीकडे गेल्या होत्या. त्या परत आल्या, तेव्हा गाठोडं कमरेवर तसंच होतं. मिरचीवाल्यांनी त्यांच्याकडे बघितलं, उठले, हौदाला वळसा घालून गेले, दारातून वाकले. परत येऊन बसले, तेव्हा त्यांना धाप लागली होती.

"कोण गेलं?"

"फलटणकडचे होते एक." तोंडाला सवय झाली होती.

"कशानं?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं. मिरचीवाल्यांचा हात पोटावर होता, माझी नजर त्या हातावर होती, आणि मी म्हणालो, "पोटाचंच काहीतरी होतं."

मला ते का सुचलं, याचा विचार मी पुढं आयुष्यभर केला आहे. काही कारण नव्हतं. समोर पोट दिसत होतं, एवढंच.

बाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि त्या ओवरीओवरीनं निघाल्या. जोडव्यांचा आवाज एकेका दारापाशी थांबायचा आणि परत सुरू व्हायचा. पूर्ण चौक फिरून त्या आल्या. "समद्या," त्या म्हणाल्या.

"समद्या?" मिरचीवाले म्हणाले. "धर्मशाळा म्हनायची का मसनवटा." त्यांनी माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला.

मी म्हणालो, "वर आमच्याकडे झोपा. जागा आहे."

"जागेची गोष्ट न्हाय, भाऊ," बाई म्हणाल्या.

मिरचीवाले हळू म्हणाले, "म्या भ्यालो न्हाय. पर माझ्याच चुलीचं दगड असं बघून हितनं उठायचं आनि जाऊन पोट फाडून घ्यायचं, हे न्हाय जमायचं. नगं म्हनतंय कुनीतरी. आपन ऐकावं."

एक वाक्य पुरलं असतं. कुणी गेलेलं नाही, हे मी केलंय. तीन दगड सुलटे करायलाही फार वेळ लागला नसता. माझी जीभ तोंडात होती, पण ती माझी नव्हती. खाली मान घालून मी त्यांचं गाठोडं उचललं आणि रिक्षापर्यंत नेलं. त्यांच्या गावाकडचा ट्रक मार्केट यार्डातून सकाळी सुटणार होता, तिथं ते रात्र काढणार होते.

दारातून जाताना त्यांनी वर बघून हाक दिली, "दादा, निघालो."

"आत्ता तर आलात," दादांचा जड आवाज आला.

"जागा राहिली न्हाय, दादा."

मी वर गेलो, तेव्हा दादा माझी वाट बघत होते. "हात दाखव," ते म्हणाले. मी हात पुढं केले. नखांत काजळी होती.

"या दारातून तिरडी गेलेली मी बघितली नाही," ते म्हणाले.

"तुम्ही झोपला असाल."

"उंबऱ्यावर पाणी ओतायला कुणी मला तांब्या मागितला नाही." प्रत्येक शब्दाला त्यांना श्रम पडत होते. "सकाळी जा. त्यांना सांग. तू फिरवलेस, म्हणून सांग. मग खुशाल तुझ्या फ्लॅटात जा."

मी गेलो. एवढं मी केलं. यार्डात सकाळची गर्दी होती, हमालांची ओरड, मिरचीचा खकाणा. ट्रकशेजारी एका रिकाम्या बारदानावर मिरचीवाले बसले होते. बाई त्यांच्या पाठीशी गाठोडं टेकू म्हणून लावत होत्या. मला बघून मिरचीवाल्यांचं तोंड उजळलं.

"अरं, एवढ्या सकाळी? च्या घे." त्यांनी पोऱ्याला हाक मारून माझ्यासाठी चहा सांगितला.

मी चहा घेतला. ग्लास भाजत होता, तरी धरून ठेवला.

"ऑपरेशनचं काय ठरवलंत?" मी विचारलं.

"हुरडा झाला की बघू. देवरुषी हाय एक आमच्याकडं, त्यो औषिद देतो. तू नगं काळजी करू. दादास्नी जप."

"मी एक सांगायला आलो होतो," मी म्हणालो.

"सांग की."

दोघंही माझ्याकडे बघत होते. आणि मला तिथं विश्वस्तांचं तोंड दिसलं, मुलीच्या काकांचं दिसलं, यार्डातले माझे मालक समोरच्या गाळ्यावर उभे होते ते दिसलं. हे सांगितलं, तर हा माणूस उठून मला मारेल का, याची मला भीती नव्हती. तो मारणार नाही, याची होती. तो नुसता बघेल, आणि मग ते ट्रकमधल्या सगळ्यांना कळेल, आणि संध्याकाळपर्यंत पेठेला.

"जपून जा," मी म्हणालो.

"एवढंच व्हय," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या जरा हसल्या. "आमाला वाटलं, काय का काय."

मिरचीवाल्यांना ट्रकमध्ये चढवायला मी हात दिला. त्यांच्या दंडात हाडाखेरीज काही लागलं नाही.

घरी येऊन मी दादांना सांगितलं, ट्रक सुटला होता. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवसापासून त्यांनी मला 'कोण उतरलंय' हे विचारणं बंद केलं. त्या प्रश्नाला मी इतका कंटाळलो होतो, आणि आता दिवेलागण झाली की मला तो ऐकू यायचा.

विश्वस्त आले, खोल्यांतून फिरले. कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "हे काय?"

"जुनी रूढी आहे," मी म्हणालो.

"अस्सं," ते म्हणाले. त्यांनी कशाला हात लावला नव्हता, तरी रुमालानं हात पुसले. कागद पुढं सरकले. माझं लग्न ठरलं.

मिरची निघायचे दिवस आले. एका सकाळी दारात त्या बाई उभ्या होत्या, एकट्या. कपाळ मोकळं होतं. त्यांनीच सांगितलं. पोट फुगत गेलं, शेवटी पाणीसुद्धा ठरत नव्हतं. हुरड्याच्या आतच गेले.

मी ओवरीच्या खांबाला धरून उभा होतो.

"तुमी का असं करताय, भाऊ," त्या म्हणाल्या. "उलट तुमच्या चौकाचं उपकार हायत. दगडांनी आधीच सांगितलं. त्या दवाखान्यात ऱ्हायलो असतो तर कापताकापताच गेला असता, मानूस नदरंला पडला नसता. घरी गेला. लेकीच्या मांडीवर गेला. जाताना मला म्हनला, पुण्याची आपली खोली सोडवून ये. दुसऱ्या कुनाला तरी व्हईल."

त्या खोलीत गेल्या. मी दारात उभा राहिलो. त्यांनी जमीन झाडली, पाणी शिंपडलं आणि एकेक दगड उचलून सुलटा केला. किती सहज उचलला त्यांनी. मधे लाकूड नव्हतं. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, मला विचारलं, आणि मीच कधीतरी ओवरीत फेकलेलं एक लाकूड मी त्यांना आणून दिलं. गाठोड्यातनं त्यांनी पीठ काढलं. तव्यावर भाकरी पडली आणि फार दिवसांनी चौकात धूर झाला.

"बाई," मी म्हणालो, "त्या दिवशी मी यार्डात आलो होतो ना—"

"आधी खावा," त्या म्हणाल्या. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर लाल चटणी ठेवली आणि दोन्ही हातांनी पुढं केला. "तुमी खाल्ल्याबिगर सुटायची न्हाय."

वहिवाटदारानं तो खायचा असतो. मी खाल्ला. गिळेपर्यंत त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि गिळल्यावर त्यांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांच्या नवऱ्याचं शेवटचं काम झालं होतं. त्या कामाची मुळात गरजच नव्हती, असं त्या क्षणी मी कसं सांगणार होतो, असं मी स्वतःला आजवर समजावत आलो. पण खरं सांगायचं, तर तुकडा तोंडात येण्याआधीही वेळ होता आणि नंतरही होता. त्यांनी बाकीची भाकरी खाल्ली, भांडं घासलं, राख काढली. दगडांमध्ये मागून येणाऱ्यासाठी एक लाकूड ठेवलं. मागून जे येणार होते, ते कुदळी घेऊन येणार होते. मी तेही सांगितलं नाही.

वरून दादांनी हाक मारली. धूर त्यांच्यापर्यंत गेला होता. मी वर गेलो.

"कोण उतरलंय?" त्यांनी विचारलं. किती महिन्यांनी.

मी सांगितलं.

"एकटीच?"

"हो."

त्यांना कळलं. बराच वेळ त्यांचं तोंड नुसतं हलत राहिलं. मग म्हणाले, "सांगितलंस?"

"हो," मी म्हणालो.

"काय म्हणाली?"

"त्यांनी दगड सुलटे केले. मला घास दिला."

दादांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे गेलं. त्यांना वाटलं, सगळं ऐकून घेऊनही तिनं घास दिला. "मला उठवून बसव," ते म्हणाले. मी त्यांच्या पाठीमागं उशा लावल्या. बाई गाठोडं घेऊन चौकातून निघाल्या होत्या. दादांनी डावा हात कपाळापर्यंत नेला आणि मान जेवढी वाकेल तेवढी वाकवली. खालून बाईंनी गाठोडं जमिनीवर ठेवून त्यांना दोन्ही हातांनी नमस्कार केला. एकजण क्षमा मिळाली म्हणून वाकला होता, दुसरी उपकार झाले म्हणून. मधे मी उशा धरून उभा होतो.

मग त्या आमच्या पायांखालून बाहेर गेल्या.

दादा बिबवेवाडीच्या फ्लॅटात गेले, झोपेत. माझ्याशी ते शेवटी शेवटी पुन्हा बोलायला लागले होते, प्रेमानं बोलायचे. ते मला सोसायचं नाही. त्यांना खाली आणलं, तेव्हा मी इमारतीच्या फाटकाशी तांब्याभर पाणी ओतलं. वॉचमन म्हणाला, साहेब, इथं चिखल होतो.

त्या बाई आता असल्या तर खूप म्हाताऱ्या असतील. नसल्या, तर ज्या लेकीच्या मांडीवर तिचे वडील गेले ती असेल, आणि तिला आईनं त्या दगडांची गोष्ट सांगितलेली असेल. देवासारखे दगड होते, त्यांनी आधीच सांगितलं, अशी. माझ्या हातून तिच्याजवळ एवढी एकच गोष्ट राहिली आहे आणि तीही मी आता काढून घेतो आहे, हे मला कळतं. तरी तिला सांगतो.

त्या खोलीत कुणीही गेलं नव्हतं. फलटणकडचा कुणी माणूस नव्हता. तुमचे वडील दवाखान्यातच निघाले होते. दगड मी फिरवले होते.